तेलाची चौकशी

तळलेल्या पदार्थांवर आमच्या सरांइतका जीव टाकणारा माणूस मी पाहिला नाही, आणि तळलेला पदार्थ विकत घेणं इतकं अवघड करून ठेवणाराही दुसरा पाहिला नाही. भज्यांच्या गाडीपाशी लोक येतात, कागदात बांधून घेतात, जातात. सर आधी कढईजवळ जाऊन उभे राहायचे. चष्मा कपाळावर चढवून तेलात बघायचे. मग गाडीवाल्याला विचारायचे, या कढईत आणखी काय काय तळतोस? झारा एकच आहे की दोन? कालचं उरलेलं तेल कुठे गेलं? आणि शेवटी, आवाज जरा खाली आणून, "हे तेल डब्यातून आलं, की दुसऱ्या कुणाच्या कढईतून?"

हा शेवटचा प्रश्न ऐकून नवा गाडीवाला गोंधळायचा. जुना हसायचा, कारण त्याला माहीत असायचं. मोठी हॉटेलं आपलं वापरलेलं तेल स्वस्तात काढतात आणि छोटे गाडीवाले ते गाळून घेतात. तिथे आदल्या दिवशी मासे तळले की कोंबडी, हे ना विकणारा सांगतो, ना घेणारा विचारतो. सर विचारायचे.

"सर, माह्या घरी पोरगी देऊन ऱ्हायले का?" एक भजेवाला एकदा म्हणाला होता. "इतली चौकशी तर सोयरीक जुळवताना बी कोनी करत नाई."

"सोयरीक मोडता येते," सर म्हणाले. "पोटात गेलेलं भजं परत काढता येत नाही."

आजूबाजूचे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी पुन्हा विचारलं, "झारा एकच आहे का?"

मी त्यांचा विद्यार्थी होतो आणि पुढे त्याच शाळेत, त्यांच्याच हाताखाली शिक्षक म्हणून लागलो. ते विज्ञान शिकवायचे, मी गणित. आमची शाळा बुऱ्हाणपुरात जुन्या वेशीच्या आत आहे. मागच्या गल्लीत यंत्रमाग चालतात आणि त्यांच्या खटखटीवर आवाज चढवून शिकवावं लागतं. सरांचा आवाज त्यामुळे कायमचा चढलेला राहिला. गाडीवर ते जे विचारायचे ते अख्ख्या चौकाला ऐकू जायचं. त्यांच्या शेजारी उभं राहायची मला लाज वाटायची, हे आधीच सांगून टाकतो. मी दोन पावलं मागे सरकून मोबाइल बघत असे.

मीही शाकाहारीच. पण माझा शाकाहार सोपा आहे, मी विचारत नाही. विचारलं नाही की बाहेरचं सगळंच चालतं.

सरांचं कुळ शाकाहारी नव्हतं. ते दापोऱ्याचे, केळीची शेती असलेल्या घरातले. घरी सणाला बोकड कापायचे, आणि चाळिशी उलटेपर्यंत सरही आवडीने खात होते. नंतर सोडलं. का सोडलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, वह्या तपासता तपासता, मान वर न करता.

त्यांच्या पत्नी माळकरी घरातल्या होत्या. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांनी काही अट घातली नाही. सरांना मटण लागतं म्हणून त्या अंगणात वेगळी चूल मांडायच्या, नाकाला पदर लावून शिजवायच्या, वाढायच्या आणि मग आंघोळ करून स्वतः जेवायच्या. थंडीतसुद्धा. पंधरा-सोळा वर्षं हे चाललं. मग त्या आजारी पडल्या आणि गेल्या.

"तेराव्याला मी अंगणातली चूल मोडली," सर म्हणाले. "ती होती तेव्हा मोडायला पाहिजे होती. उशिरा सोडलं ना, म्हणून आता पूर्ण सोडायला पाहिजे. थोडंसं चाललं, असं मला म्हणता येत नाही."

मग त्यांनी लाल पेनने कुणाचा तरी अर्धा गुण कापला.

मांसाहार सुटला, पण तळलेल्याची ओढ सुटली नाही. उलट वाढली. मुगाचे भजे, मिरचीचे भजे, कचोरी, समोसा, पाऊस असो की ऊन. घरी तळून बघायचा प्रयत्नही त्यांनी केला. तेल किती तापलं की भजं नीट फुलतं हे शोधण्यासाठी त्यांनी शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर नेला आणि कढईत धरला. तो एकशे दहा अंशांपर्यंतचा होता. तेल त्याच्या कितीतरी पुढे जातं हे ते दरवर्षी नववीला शिकवत असत. काच तडकली, पारा तेलात गेला. सगळं तेल मातीत पुरून, घराची दारं-खिडक्या उघडी टाकून ते दोन दिवस शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसले. थर्मामीटरची नोंद त्यांनी स्वतःच 'माझ्या मूर्खपणाने फुटला' अशी केली आणि सही केली. त्यानंतर घरी तळणं बंद.

रमजानमध्ये आमच्याकडे मावा जलेबीच्या कढया लागतात. काळी, जाड, खव्याची जलेबी. आमच्या शाळेतले काही शिक्षक तिकडे जायचे नाहीत, आणि का जात नाहीत ते बोलायचेही नाहीत. सर गेले. म्हाताऱ्या कारागिराला तेच सगळे प्रश्न विचारले. मी नेहमीप्रमाणे दोन पावलं मागे. मला वाटलं, आता हा माणूस चिडणार.

म्हाताऱ्याने झारा खाली ठेवला, हात पुसले. "मास्टरसाब, इस कढ़ाई में चालीस साल से जलेबी के सिवा कुछ नहीं उतरा. कबाब मेरा भाई बनाता है, वो उधर, उसका चूल्हा अलग, तेल अलग. आप अंदर आके देख लो."

सर खरंच आत गेले, बघून आले आणि उभ्या उभ्या पाव किलो जलेबी खाल्ली. म्हातारा पैसे घेताना म्हणाला, "आपने पूछा तो सही. बाकी लोग तो बिना पूछे ही लौट जाते हैं."

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये कुणीतरी टोमणा मारला, "काय सर, कढई बाटली नाही का?"

"मी कढईला विचारतो," सर म्हणाले. "मालकाचं नाव विचारत नाही."

या बाण्यामुळे त्यांना मित्र फारसे राहिले नाहीत. हेडसरांच्या निरोप समारंभाचा प्रसंग तर शाळेत अजून सांगतात. त्या दिवशीचे समोसे मी आणले होते. एका नव्या हॉटेलात ऑर्डर दिली, काउंटरवर विचारलं, "व्हेज आहेत ना?" तो म्हणाला, "प्युअर व्हेज." माझं काम झालं. समारंभात प्लेटा वाटल्या गेल्या, भाषणं सुरू झाली. सरांनी समोसा हुंगला, प्लेट खुर्चीखाली ठेवली आणि उठून सायकलवर निघून गेले. अर्ध्या तासाने घामाघूम होऊन परत आले तेव्हा हेडसरांचं भाषण ऐन रंगात होतं. सरांनी हात वर केला. वर्गात मुलं करतात तसा.

"समोशात बटाटाच आहे," ते म्हणाले, "पण त्याच कढईत चिकनचे कटलेट तळतात. मी बघून आलो. ज्यांनी खाल्ले नसतील त्यांनी खाऊ नयेत."

हिंदी शिकवणाऱ्या बाई चातुर्मास पाळायच्या. त्यांनी तोंडाला रुमाल लावला आणि बाहेर धावल्या. त्या दिवशी हेडसरांच्या भाषणाचा शेवट कुणी ऐकला नाही.

"तुम्ही सांगितलं नसतं तर काय बिघडलं असतं?" हेडसर नंतर फार कडवटपणे म्हणाले.

"बिघडायचं ते बिघडून गेलं होतं, सर. मी फक्त सांगितलं."

महिनाभर स्टाफ त्यांच्याशी बोलला नाही. समोसे कुणी आणले हे त्यांना माहीत होतं. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. आणि मी, ज्याने आणले होते, तो गप्प बसलो. सगळे त्यांना विक्षिप्त म्हणत होते तेव्हा मीही मान हलवली.

निवृत्तीनंतर सर एकटेच राहिले. मूलबाळ नव्हतं. पुतण्या आणि त्याची बायको, म्हणजे सरांची सून, जवळच राहायचे, डबा पाठवायचे. एकदा सुनेने प्रेमाने मोबाइलवरून बटाट्याचे लांब तळलेले तुकडे मागवले. त्या दुकानाची खरी ख्याती तळलेल्या कोंबडीची. सून म्हणाली, "काका, बघा, डब्यावर हिरवा ठिपका आहे."

"ठिपका डब्यावर आहे, बाळा. तेलावर कुठे आहे?" सरांनी दुकानाला फोन लावला. पलीकडची मुलगी इंदूर की कुठून बोलत होती. 'सर, आपकी रिक्वेस्ट नोट कर ली है,' एवढंच ती म्हणत राहिली. सर चौकशी करत राहिले, बटाटे गार झाले, आणि शेवटी सुनेने ते स्वतःच खाल्ले. नंतर ती मला म्हणाली, "भाऊ, काकांना काही द्यायचं म्हटलं ना, तर भीतीच वाटते हो." तिचं खोटं नव्हतं.

मग सर मोरीत पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण बाहेर जाणं संपलं. वॉकर धरून पलंगापासून खिडकीपर्यंत, एवढंच जग. मी शनिवारी भेटायला जायचो. पहिल्याच शनिवारी त्यांनी विचारलं, "येताना मुगाचे भजे आणशील का? बसस्टँडच्या रस्त्याला एक नवी गाडी लागते म्हणे. पण कढई बघून आण हं. सगळं विचार."

"हो सर," मी म्हणालो.

पुढच्या शनिवारी शिकवण्या आटोपून सात वाजता गाडीवर गेलो. ही गर्दी. हात लांब करून कागद घेतला आणि निघालो. सरांनी पुडी मांडीवर ठेवली, उघडली नाही. माझ्याकडे पाहिलं. "कढई पाहिलीस?"

"पाहिली, सर."

"झारा?"

"वेगळा आहे."

बस. इतकं सोपं होतं ते. त्यांनी डोळे मिटून पहिलं भजं तोंडात टाकलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मला वाटलं, मी पुण्य करतोय.

असे किती शनिवार गेले. दीड वर्ष तरी. कधी कधी ते प्रश्न वाढवायचे, तेल कोणत्या डब्याचं, आज रंग कसा होता. मी उत्तरं वाढवायचो. खोटं बोलायलाही सराव लागतो. माझा झाला.

दिवाळीच्या आधी एका शनिवारी गाडीवर गर्दी नव्हती, म्हणून मला पुढे उभं राहावं लागलं आणि कढई दिसली. भजेवाल्याने उकडलेल्या अंड्याचे अर्धे तुकडे बेसनात बुडवून सोडले, काढले, आणि त्याच झाऱ्याने, त्याच तेलात, माझ्यासाठी मुगाचे भजे टाकले. लपवाछपवी काहीच नव्हती. गाडीच्या पाटीवर अंडा पकोडा मोठ्या अक्षरात लिहिलेला होता. दीड वर्ष मी ती पाटीसुद्धा वाचली नव्हती.

तिथूनच परत फिरायला हवं होतं. मी फिरलो नाही. मनाशी म्हणालो, अंडं म्हणजे काही मांस नव्हे. आज नेले नाहीत तर ते कारण विचारतील. म्हातारा माणूस, एवढाच एक आनंद उरलाय, तो कशाला हिरावायचा. अशी कारणं मला फार पटकन सुचतात. मी भजे नेले. त्यांनी विचारलं. मी सांगितलं, पाहिली.

त्यानंतर आणखी चार-पाच महिने मी जाणूनबुजून तेच केलं. आधी मी न पाहता खोटं बोललो होतो, आता पाहून बोलत होतो. थकायला होत असे. शनिवार जवळ आला की डोकं दुखायचं. बायको म्हणाली, "सरांकडे जायचा कंटाळा येतो तर नका जाऊ." तिला काय सांगणार.

एका शनिवारी मी गेलो तर सरांकडे फोपनारचे त्यांचे जुने वर्गमित्र आले होते. पागोटं बांधलेले, कडक माळकरी. सरांनी पुडी उघडून त्यांच्यापुढे केली. ते कचरले. "बाहेरचं मी खात नाई, तुले मालूम आहे."

"खा रे. हा माझा माणूस आहे," सर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "कढई पाहिल्याशिवाय आणत नाही. माझे डोळे घेऊन जातो हा."

त्या म्हाताऱ्याचा हात पुडीकडे गेला आणि मी पुडी ओढून घेतली.

"नका खाऊ," मी म्हणालो.

वर्गमित्रांनी दोघांकडे पाहिलं, त्यांना जे कळायचं ते कळलं असावं. बसची वेळ झाली म्हणून ते उठले. ते गेल्यावर मी सगळं सांगितलं. बसूनसुद्धा नाही, दाराशी उभा राहून.

सर रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वर्गात उदाहरण सोडवताना विचारत तसं विचारलं, "तू पहिल्यांदा कधी पाहिलंस?"

"दिवाळीच्या आधी."

"त्याच्या आधी अंडी तळत होता का?"

"माहीत नाही, सर. त्याआधी मी पाहिलंच नव्हतं."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

ते खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "उद्या दुपारी रिक्षा बोलाव."

त्या अवस्थेत त्यांना नेणं वेडेपणा होता, पण नाही म्हणायची माझी लायकी उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी पुतण्याला हाक मारली, दोघांनी उचलून त्यांना रिक्षात बसवलं. दुपारचे साडेचार झाले असतील. गाडीवर गिऱ्हाईक नव्हतं. सर वॉकर टेकत कढईपर्यंत गेले, चष्मा कपाळावर चढवला, आत पाहिलं. तेल स्वच्छ होतं. त्यांनी आपले सगळे प्रश्न विचारले, क्रमाने, त्याच चढ्या आवाजात. भजेवाला पन्नाशीचा, शांत माणूस. त्याने सगळ्यांची उत्तरं दिली.

"चारला नवीन तेल टाकतो, बाबूजी. पहिले घाणे साधे. मूग, मिरची, कांदा. अंडे सहाच्या नंतर. माळकरी, जैन, सारे चारलाच येतात न. कोनाले उशीर होनार असला तर सांगून ठेवतात, मी पहिल्या घाण्यातले बाजूला काढून ठेवतो."

मग त्याने मला ओळखलं. "हे भाऊ तर दर शनिवारी येतात. सातला. तुमच्यासाठी नेत होते का?" माझ्याकडे वळून तो म्हणाला, अगदी साध्या आवाजात, "मंग एक शब्द बोलाले काय झालं होतं, भाऊ? मी काढून ठेवले असते."

आजही ते वाक्य आठवलं की मला हातातलं काम खाली ठेवावं लागतं. तो माणूस खोटं बोलत नव्हता, लपवत नव्हता, द्यायला तयार होता. त्याला विचारायचं तेवढं बाकी होतं, आणि मला लाज वाटत होती. चौकात उभं राहून तेलाची चौकशी करण्याची लाज.

सर त्याला म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही." मला ते काहीच म्हणाले नाहीत. काही न घेता आम्ही परत आलो. त्यानंतर एकादशीपर्यंत त्यांनी एकवेळ जेवण घेतलं, असं सुनेने सांगितलं. "कशाचं व्रत हो, भाऊ?" तिने विचारलं. तिलाही मी सांगितलं. एकदा सुरू झालं की सांगणं इतकं अवघड नसतं.

पुढचे दोन शनिवार मी रिकाम्या हाताने गेलो. सर बोलायचे, शाळेचं, गुडघ्यांचं, तापीला किती पाणी आहे याचं. भज्यांचा विषय नाही. तिसऱ्या शनिवारी मी शिकवणी बंद ठेवली आणि चारला गाडीवर गेलो. दोन बायका आणि एक ओळखीचा कापडवाला उभा होता. मी चष्मा वर केला, कढईत पाहिलं आणि विचारलं. चारही प्रश्न. कापडवाला बघत राहिला. माझे कान तापले. भजेवाल्याने एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं, जणू मी पहिल्यांदाच आलो होतो, आणि पहिला घाणा माझ्या कागदात टाकला.

कागद गरम होता. मी सायकल जोरात मारली.

सर पलंगावर टेकून बसले होते. मी पुडी त्यांच्यापुढे उघडून ठेवली आणि न विचारता सगळं सांगितलं, तेल, झारा, डबा, वेळ. त्यांनी ऐकून घेतलं. एक भजं हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, थोडं फिरवलं आणि परत कागदावर ठेवलं.

"चांगले दिसतात," ते म्हणाले. "पण आता इच्छा होत नाही रे. तुझ्यावर राग नाही. तोंडालाच नको वाटतं."

"सर, मी स्वतः पाहिलं. खरंच."

"पाहिलंस, मला कळतंय." त्यांनी पुडी माझ्याकडे सरकवली. "तू खा. टाकून देऊ नकोस, चांगलं तेल आहे."

मी स्टुलावर बसलो आणि एकेक करून खाऊ लागलो. दुसरं काय करणार होतो. मागे कुठेतरी माग चालू होते. सर माझ्याकडे पाहत होते, दूर कुठेतरी पाहावं तसे. अर्धे झाल्यावर त्यांनी विचारलं, "कसे झालेत?"

चांगले झालेत, असं म्हणायची सवय जिभेवर आलीच होती.

"मीठ कमी आहे, सर," मी म्हणालो. "आणि मधे थोडे कच्चे राहिलेत."

"हं," सर म्हणाले. त्यांनी तांब्यातलं पाणी ओतून गिलास माझ्या हाताशी ठेवला.